आघात सोसलेली मुले आणि शाळेतली माणसे

१९ जुलै २०२३च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकर समाजाची ही वाडी. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि काही दिवसांनी शोधकार्य थांबवावे लागले. वाडीतली काही मुले त्या रात्री घरी नव्हती. निवासी आश्रमशाळेत होती म्हणून ती वाचली. बातमी तिथे संपली. मुलांचे पुढचे दिवस मात्र शाळेतच जायचे होते. आश्रमशाळेत रात्री मुलांजवळ असतात ते अधीक्षक किंवा अधीक्षिका, कामाठी आणि स्वयंपाकी. आईवडील गेल्याचे मुलाला कोणी सांगायचे, कोणत्या शब्दांत सांगायचे, मध्यरात्री दचकून उठलेल्या मुलाजवळ कोणी बसायचे, हे या माणसांना सहसा कोणीच शिकवलेले नसते.

हा लेख त्या शिकवण्याबद्दल आहे. आघात सोसलेल्या मुलांना आधार देण्यासाठी शाळेतल्या माणसांना काय शिकवता येते, आजवर काय शिकवले गेले, त्याचा उपयोग झाला का आणि आपल्याकडे घोडे कुठे अडले आहे, याचा हा आढावा.

आघात म्हटले की आपल्याला भूकंप, दरड, पूर आठवतो. किल्लारी, माळीण, तळिये, इर्शाळवाडी. पण अशी संकटे सगळ्या राज्याला दिसतात आणि मदतीचा ओघ तरी सुरू होतो. त्याहून कितीतरी अधिक मुले न दिसणारे आघात घेऊन वर्गात येऊन बसतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या कर्जबाजारी घरात वडिलांनी गळफास घेतलेला मुलाने स्वतः पाहिलेला असतो. रोज रात्री आईला मार खाताना बघणारी मुलगी सकाळी प्रार्थनेला रांगेत उभी असते. करोनाच्या दुसऱ्या लाटेत आई किंवा वडील गेले आणि अंत्यदर्शनही झाले नाही, अशी मुले आज माध्यमिक शाळेत आहेत. दोघेही गमावलेल्यांसाठी राज्याने आणि केंद्राने मुदतठेवीच्या योजना आणल्या, बालसंगोपन योजनेतून दरमहा रक्कम मिळू लागली. हे आवश्यकच होते. पण फॉर्म भरून झाल्यावर त्या मुलाशी कोण बोलले, याची नोंद कुठल्याच रजिस्टरला नसते.

या न दिसणाऱ्या आघातांचा हिशेब जगाला पहिल्यांदा ठळकपणे दाखवला तो अमेरिकेतल्या सॅन दिएगो इथल्या एका अभ्यासाने. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी कायझर परमनंटे या आरोग्यसेवेच्या सभासदांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारले: मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातले व्यसन, तुरुंगवास, आईवरचा हिंसाचार. दोन टप्प्यांत १७ हजारांहून अधिक प्रौढांनी उत्तरे दिली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निष्कर्षात निम्म्याहून अधिक लोकांनी असा निदान एक अनुभव नोंदवला होता, आणि असे अनुभव जितके जास्त, तितका पुढच्या आयुष्यात नैराश्याचा, व्यसनाचा, हृदयविकाराचाही धोका जास्त दिसला. आपल्याकडे केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १२ हजारांहून अधिक मुलांशी बोलून अहवाल काढला. शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी सुमारे दोघांनी शाळेत मार खाल्ल्याचे त्यात सांगितले होते. म्हणजे ज्या जागेने मुलाला आधार द्यावा, तीच जागा अनेकदा आघाताची असते. शाळेतल्या माणसांच्या प्रशिक्षणाचा विचार इथून सुरू व्हायला हवा. ही कबुली बहुतेक प्रशिक्षण पुस्तिकांत सापडत नाही.

वर्गात आघात कसा दिसतो? बाईंना तो बहुधा आघातासारखा दिसतच नाही. एखादा मुलगा डस्टर टेबलावर आपटले की अंग चोरतो आणि मग दिवसभर कशातच लक्ष देत नाही. एखादी हुशार मुलगी दिवाळीनंतर अचानक गप्प होते, गृहपाठ आणत नाही, पोट दुखते म्हणून तिसऱ्या तासाला घरी जाऊ लागते. कोणी शेजारच्याला विनाकारण फटका मारतो, कोणी बाकावर डोके टेकून झोपतो कारण रात्री घरात झोप नसते, कोणी खिचडीतला घास डब्यात लपवून ठेवतो. धसका घेतलेल्या मुलाचे शरीर सतत पहाऱ्यावर असते. धोका नसतानाही ते सावध राहते, आणि सावध असलेल्या मेंदूला लसावि-मसावि सुचत नाही. शाळेच्या भाषेत या मुलांना दुसरीच नावे मिळतात: द्वाड, आळशी, नाटकी, मठ्ठ. मग शिक्षा होते, शिक्षेने धोका खरा ठरतो आणि मूल आणखी आत जाते. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ने २००९ सालीच शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली आहे. छडी बरीच कमी झाली, हे मान्य करायला हवे. सर्वांदेखत अपमान करण्याची सवय मात्र अजून टिकून आहे, आणि दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्तांच्या मुलांच्या वाट्याला ती जास्त येते.

महाराष्ट्राला या विषयाचा अनुभव नाही असे नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला, हजारो माणसे झोपेतच गेली. त्यानंतर शांतीलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० भूकंपग्रस्त मुले पुण्याला आणली. वाघोलीच्या केंद्रात त्यांचे शिक्षण झाले. पुढे आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या आणि मेळघाटातल्या मुलांसाठीही तेच दार उघडले गेले. इतक्या मुलांना वर्षानुवर्षे सांभाळताना तिथल्या शिक्षकांनी आणि वसतिगृहातल्या माणसांनी जे शिकून घेतले, ते राज्याच्या शिक्षक-प्रशिक्षणात यायला हवे होते. ते पुरेसे आले नाही, ही मला मोठी हानी वाटते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने भोपाळच्या वायुदुर्घटनेपासून ओडिशाचे चक्रीवादळ आणि गुजरातच्या भूकंपापर्यंत आपत्तीनंतरच्या मानसिक आधाराचे काम केले. २०२० पासून तिथला 'संवाद' हा उपक्रम अडचणीतल्या मुलांसोबत काम करणाऱ्यांना प्रशिक्षण देतो. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या आयपीएचसारख्या संस्था मराठीतून मनआरोग्याची भाषा घडवत आल्या आहेत. माणसे आहेत, साहित्यही आहे. ते जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेपर्यंत पोचवणारी वाट मात्र नाही.

कागदावर ती वाटही आहे. २०२० साली आयुष्मान भारतअंतर्गत शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण द्यायचे ठरले. भावनिक आरोग्य हा त्यातला एक विषय. त्याच वर्षी विद्यार्थ्यांच्या मानसिक आधारासाठी केंद्राचे 'मनोदर्पण' आले. 'निष्ठा'च्या राष्ट्रीय शिक्षक-प्रशिक्षणात समुपदेशनाचा भाग आहे. मार्च २०२२मध्ये राज्याने शाळा, केंद्र आणि तालुका अशा स्तरांवर मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या नेमण्याचा शासन निर्णय काढला. यातले जवळजवळ प्रत्येक प्रशिक्षण शिक्षकांपर्यंत एकाच पद्धतीने पोचते. राज्यावरून जिल्हा, जिल्ह्यावरून तालुका, तालुक्यावरून केंद्र. प्रत्येक पायरीवर वेळ अर्ध्यावर येतो आणि शेवटी केंद्राच्या शिक्षण परिषदेत दुपारच्या सत्रात पाऊण तासाचे पीपीटी उरते. ऑनलाइन असेल तर व्हिडिओ चालू ठेवून प्रमाणपत्र डाऊनलोड करायचे. यात शिक्षकांना दोष देणे मला बरोबर वाटत नाही. मतदार याद्या, सर्वेक्षणे, पोषण आहाराचा हिशेब, पोर्टलवरची माहिती यांतून उरलेल्या वेळात ते शिकवतात. त्यांच्यावर आणखी एक विषय टाकला की तोही त्याच ढिगाऱ्यात जाणार.

मग प्रशिक्षणाचा उपयोग होतो का? इथे अभ्यास काय सांगतात ते नीट पाहायला हवे, कारण उत्साहाच्या भरात फार मोठे दावे केले जातात.

अमेरिकेत २००५च्या सुमारापासून 'आघाताची जाण असलेली शाळा' ही कल्पना मॅसॅच्युसेट्सपासून वॉशिंग्टन राज्यापर्यंत पसरली. संपूर्ण शाळेने, म्हणजे मुख्याध्यापकापासून बसचालकापर्यंत सर्वांनी, मुलाच्या वागण्याकडे पाहण्याची नजर बदलायची, शिक्षेच्या आधी कारण शोधायचे. कल्पना चांगली आहे आणि अनेक शाळांनी मनापासून राबवली. पण २०१९ साली कॅम्पबेल या आंतरराष्ट्रीय संशोधन-जाळ्यासाठी अभ्यासकांनी या पद्धतीचे सगळे मूल्यमापन धुंडाळले, तेव्हा काटेकोर निकषांत बसणारा एकही अभ्यास त्यांना सापडला नाही. पद्धत निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. इतक्या शाळांनी ती स्वीकारली, पैसे खर्च केले आणि कोणी नीट मोजले नाही, एवढाच त्याचा अर्थ. आपण ती पद्धत जशीच्या तशी उचलून आणण्याआधी हे ठाऊक असलेले बरे.

आपल्याला जास्त उपयोगी पडेल असा अभ्यास बिहारच्या नालंदा जिल्ह्यात झाला आणि त्याचे मूळ आपल्या शेजारी गोव्यात आहे. डॉ. विक्रम पटेल यांनी सहकाऱ्यांसोबत १९९६ साली गोव्यात सुरू केलेल्या 'संगथ' संस्थेने नालंदातल्या ७४ सरकारी माध्यमिक शाळांत 'सेहेर' नावाचा कार्यक्रम केला. शाळांचे तीन गट पाडले. एका गटात स्थानिक, पदवीधर, मानसशास्त्राची पदवी नसलेला पण प्रशिक्षित असा एक माणूस शाळेत नेमला. त्याचे काम एवढेच: प्रार्थनेच्या वेळी विषय मांडायचा, तक्रारपेटी उघडायची, भित्तिपत्रक चालवायचे, मुलांशी एकेकटे बोलायचे, शिक्षकांबरोबर बसून शिक्षेला पर्याय शोधायचे. दुसऱ्या गटात हेच काम शाळेतल्याच एका शिक्षकाला प्रशिक्षण देऊन सोपवले. तिसऱ्या गटात नेहमीचाच अभ्यासक्रम चालू राहिला. २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. वेगळा माणूस नेमलेल्या शाळांत वातावरण स्पष्टपणे सुधारले. दादागिरी, हिंसा आणि नैराश्याची लक्षणे कमी झाली. शिक्षकाकडे काम दिलेल्या शाळांत मात्र काहीच न केलेल्या शाळांपेक्षा फरक दिसला नाही. पुढच्या वर्षीच्या पाहणीतही चित्र तसेच राहिले.

हा निकाल महाराष्ट्रातल्या प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याच्या टेबलावर असायला हवा. प्रशिक्षण तेच, काम तेच, मुलेही तशीच. फरक इतकाच की एकाला त्या कामासाठी वेळ होता आणि दुसऱ्याला नव्हता. शिवाय जो माणूस आपल्याला गुण देतो, रागावतो, घरी निरोप पाठवतो, त्याच्यापाशी मन मोकळे करायला मूल कचरते.

तरी शिक्षकांच्या हातून हे होतच नाही, असेही म्हणता येत नाही. ऑगस्ट १९९९मध्ये तुर्कस्तानात मोठा भूकंप झाला, त्यानंतर इस्रायली तज्ज्ञांनी तिथल्या शिक्षकांना हाताशी धरून एक कार्यक्रम केला. वर्गशिक्षकांनीच मुलांबरोबर काही आठवडे ठरवून बोलायचे, खेळायचे, दुःख मांडायचे. तीन वर्षांनी पाहणी केली तेव्हा त्या वर्गांतली मुले अभ्यासात आणि वागण्यात इतर भूकंपग्रस्त मुलांपेक्षा सावरलेली दिसली. या कार्यक्रमाची सुरुवात मुलांपासून झाली नव्हती. आधी शिक्षकांना बसवून त्यांच्या स्वतःच्या नुकसानीबद्दल, भीतीबद्दल बोलू दिले गेले, कारण घर त्यांचेही पडले होते. आपल्याकडे आपत्तीनंतर शिक्षकांना पंचनामे आणि मदतवाटपाच्या कामाला जुंपले जाते. त्यांची विचारपूस कोणी करत नाही.

आपत्तीनंतरच्या मदतीबद्दल आणखी एक गोष्ट. दुर्घटनेनंतर बाहेरून पथके येतात, मुलांना गोल बसवून 'त्या रात्री काय झाले' ते सांगायला किंवा चित्रात काढायला लावतात आणि संध्याकाळी निघून जातात. चित्र काढणे वाईट नाही. मुलाला काढावेसे वाटले तर जरूर काढू द्यावे. पण एका बैठकीत सगळे उकरून काढण्याने लाभ होत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन स्पष्ट सांगते. त्याऐवजी जेवण, झोप, ओळखीची माणसे आणि रोजची घंटा यांची मुलाला गरज असते. शाळा लवकर सुरू होणे हाच मोठा उपचार असतो, आणि तो शाळेतली माणसेच करू शकतात.

आता प्रत्यक्ष प्रशिक्षणात काय हवे ते पाहू. मला वाटते शिक्षकाला उपचार शिकवू नयेत. त्याला तीन गोष्टी आल्या पाहिजेत: ओळखणे, धीर देणे आणि योग्य माणसाकडे सोपवणे. ऐकायला हे सोपे वाटते, पण कस लागतो तो तपशिलात.

समजा, सातवीतली मुलगी मधल्या सुट्टीत बाईंजवळ घुटमळते आणि म्हणते, "बाई, एक सांगू? तुम्ही कोणाला सांगणार नाही ना?" बहुतेक चांगल्या बाई प्रेमापोटी पटकन म्हणतील, "नाही गं, सांग." पहिला घोळ इथेच होतो. मुलीने काकाबद्दल किंवा शेजाऱ्याबद्दल काही सांगितले तर पोक्सो कायद्याच्या कलम १९प्रमाणे ती माहिती पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला देणे बंधनकारक आहे. न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते आणि हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. म्हणजे दिलेले वचन मोडावे लागते, आणि मुलीचा विश्वास दुसऱ्यांदा तुटतो. त्यापेक्षा बाईंनी असे म्हणावे: "तू माझ्यापाशी आलीस, बरं केलंस. तुला सुरक्षित ठेवायला एखाद्या माणसाला सांगावं लागलं, तर आधी तुला सांगेन आणि मगच सांगेन." मुलगी बोलली की "यात तुझी काही चूक नाही" हे वाक्य आवर्जून म्हणावे. आणि मग थांबावे. कधी, कुठे, किती वेळा, मग तू ओरडली का नाहीस, असे प्रश्न विचारू नयेत. तो तपास पोलिसांचा आहे. मुख्याध्यापकांनी पुन्हा विचारायचे, मग संस्थेच्या सचिवांनी विचारायचे, मग आरोपीसमोर उभे करायचे, यात मुलीचे हाल होतात आणि खटलाही कमकुवत होतो. हे संभाषण प्रशिक्षणात जोड्या करून, मोठ्याने बोलून, पुन्हा पुन्हा करून पाहायला हवे. पीपीटीवर वाचून ऐन वेळी तोंडातून ते निघत नाही.

ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले, शाळेतल्याच सफाई कर्मचाऱ्यावर गुन्हा दाखल झाला, दिरंगाईने चिडलेल्या लोकांनी रेल्वे रोखली आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर सीसीटीव्ही, चारित्र्य पडताळणी आणि तक्रारपेट्यांचे आदेश निघाले. ते हवेच होते. पण चार वर्षांचे मूल पेटीत चिठ्ठी टाकत नाही. ते शू करायला जायला घाबरते, एका विशिष्ट माणसाला पाहून रडते. हे पहिल्यांदा दिसते ते बालवर्गाच्या ताईंना, मावशींना, व्हॅनच्या काकांना. आपल्या प्रशिक्षणांच्या यादीत यांपैकी कोणीच नसते. शिपाई मामा फाटकाशी उभे असतात, कोणते मूल घरी जायला टाळते हे त्यांना ठाऊक असते. खिचडी वाढणाऱ्या ताईंना कोणाच्या पोटात काल रात्रीपासून अन्न नाही ते कळते. आणि आश्रमशाळेतल्या, ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या हंगामी वसतिगृहातल्या कामाठ्याला तर मुलाचे रात्रीचे रडणे ऐकू येते. या माणसांना दोन तास सन्मानाने बसवून शिकवले, तर मला खात्री आहे, ती कोणत्याही आरोग्यदूताइतकीच उपयोगी पडतील.

आणखी काही गोष्टींना पैसाही लागत नाही, फक्त ठरवावे लागते. वडील गेलेला मुलगा बाराव्यानंतर शाळेत आला की वर्गासमोर "काय झालं होतं रे वडलांना?" असे विचारू नये. त्याच्या येण्याआधी वर्गाला थोडक्यात सांगून ठेवावे, आणि आल्यावर त्याला एकदाच, बाजूला घेऊन, "तुला कधी बाहेर जाऊन बसावंसं वाटलं तर मला फक्त खूण कर" एवढे म्हणावे. 'माझी आई', 'माझे बाबा' हे निबंध देताना दुसरा विषयही द्यावा. "उद्या वडलांना घेऊन ये, नाहीतर वर्गात बसू नको" ही धमकी कायमची बंद करावी, कारण ती कोणत्या मुलाला कशी लागेल ते आपल्याला माहीत नसते. वेळापत्रकात बदल असेल तर तो सकाळीच सांगावा. घाबरलेल्या मुलाला पुढे काय होणार हे कळले तरी निम्मा धीर येतो.

एक धोकाही आहे. आघाताची ही भाषा शिकलेल्या शाळा हल्ली प्रत्येक खोडकर मुलावर 'ट्रॉमा'चा शिक्का मारू लागल्या आहेत. ज्याचे वडील गेले ते प्रत्येक मूल आजारी नसते. बहुतेक मुले आजी, मित्र आणि मैदान यांच्या जोरावर सावरतात. महिनाभरानंतरही झोप लागत नाही, जेवण जात नाही, स्वतःला इजा करण्याची भाषा आहे, अशी मुले पुढे पाठवायची.

पण पुढे म्हणजे कोणाकडे? सगळा प्रश्न इथे येऊन ठेपतो. देशात दर लाख लोकांमागे एकसुद्धा मनोविकारतज्ज्ञ नाही, आणि मुलांवर उपचार करणारे तर त्याहून विरळ. राज्यातल्या एक लाखाहून अधिक शाळांत पूर्णवेळ समुपदेशक नेमणे लगेच शक्य नाही. तरीही ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असते, शाळा तपासायला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसे जिल्हा रुग्णालयात बसतात, जिल्ह्याला बाल संरक्षण कक्ष आहे. यांतल्या कोणाचा फोन नंबर आपल्याकडे आहे, हे किती मुख्याध्यापक सांगू शकतील? सेहेरचा धडा घ्यायचा तर दर केंद्रामागे एक प्रशिक्षित स्थानिक माणूस नेमावा, त्याला अध्यापनाचे किंवा कारकुनीचे काम देऊ नये आणि महिन्यातून एकदा एखाद्या तज्ज्ञाने त्याच्याबरोबर बसावे. एका केंद्रात साधारण दहा-पंधरा शाळा येतात, म्हणजे प्रत्येक शाळेला महिन्यातून दीड-दोन दिवस मिळतील. हा खर्च सीसीटीव्हीच्या देखभालीसारखाच दरवर्षीच्या अंदाजपत्रकात दाखवावा. हा माणूस नेमल्याशिवाय शिक्षकांची कितीही प्रशिक्षणे घेतली तरी ती फुकट जातील, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोवर वाट बघत बसायचे कारण नाही. तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीत किंवा पालक-शिक्षक संघात असाल, तर पुढच्या बैठकीत दोन प्रश्न विचारा: मुलाने काही सांगितले तर आपल्या शाळेत ते कोणाकडे जाते, आणि त्या माणसाला यासाठी आठवड्यातून किती वेळ दिलेला आहे? उत्तर लेखी मागा. आणि स्टाफरूमच्या भिंतीवर, स्वयंपाकघराच्या दारावर, शाळेच्या व्हॅनमध्ये दोन क्रमांक मोठ्या अक्षरांत लावून घ्या: मुलांच्या मदतीसाठी १०९८, आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६. दुसऱ्या क्रमांकावर मराठीतून बोलता येते, शिक्षकांनाही.